दगडाच्या मुठीतलं तेल



आज वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. आईच्या कपाटात, नाहीतर आजीच्या बटव्यात एक रुपयाची नोट सापडते का बघा. नाणं नव्हे हं, नोट! अहेराच्या पाकिटात शंभराच्या नोटेबरोबर घालायला बऱ्याच घरांत अशा दोन-चार कोऱ्या नोटा जपून ठेवलेल्या असतात. सापडली? आता तिच्या दोन्ही बाजू नीट पाहा. एका बाजूला समुद्रात उभं असलेलं एक विचित्र धूड दिसेल. ना धड जहाज, ना धड इमारत!

या धुडाचं नाव ‘सागर सम्राट’. समुद्राच्या तळाला भोक पाडून तेल शोधणारं हे जहाज १९७३ साली जपानहून आपल्याकडे आलं. त्याची गंमत अशी, की ठरलेल्या जागी पोचलं की ते आपले लांबलचक लोखंडी पाय खाली सोडायचं, ते तळावर घट्ट रोवायचं आणि मग जॅकने मोटार उचलतात ना, तसं स्वतःलाच पाण्याच्या वर उचलून घ्यायचं. लाटा खालून गेल्या तरी हे आपलं चौरंगासारखं स्थिर!

फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली ‘सागर सम्राट’ला तेल लागलं. तेव्हा देशभर केवढा आनंद झाला म्हणून सांगू! कारण काही महिन्यांपूर्वीच, १९७३ च्या ऑक्टोबरपासून, जगात तेलाचे भाव चौपटीच्या आसपास भडकले होते. आणि आपण तर बरंचसं तेल बाहेरूनच विकत आणत होतो. अशा वेळी आपल्याच दारात तेल सापडलं! त्या जागेचं नाव पडलं ‘बॉम्बे हाय’. आता आपण तिला ‘मुंबई हाय’ म्हणतो. मे १९७६ पासून तिथलं तेल प्रत्यक्ष यायला लागलं.

आता हे सगळं आजच का आठवलं? तर आपल्या एका वाचक मैत्रिणीच्या पत्रामुळे. ती आठवीत आहे. ती लिहिते, “काका, मुंबई हायमधून आता पूर्वीपेक्षा खूप कमी तेल येतं, म्हणून २०२५ मध्ये एका परदेशी कंपनीची मदत घेतली, असं मी वाचलं. बाबा म्हणतात, तिथे खाली अजून पुष्कळ तेल आहे. तेल आहे, तर मग ते येत का नाही? आणि येत नाही, तर ते आहे हे कशावरून?”

शाब्बास! प्रश्न असावा तर असा. मी दोन दिवस याच प्रश्नाभोवती घुटमळत होतो. चला, आज आपण सगळे मिळून त्याचं उत्तर शोधू या.

तळं नाही, दगड!

जमिनीखाली तेल कसं असेल, असं विचारलं तर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जमिनीखाली एक मोठी गुहा, तिच्यात काळ्या तेलाचं तळं, आणि आपण वरून नळी घालून ते शहाळ्यातल्या पाण्यासारखं ओढून घेतो. खरं ना?

छे छे! तसं मुळीच नसतं. खाली तळंबिळं काही नाही. खाली असतो दगड. टणक, घट्ट दगड. आणि तेल असतं त्या दगडाच्या आत, डोळ्यांनाही न दिसणाऱ्या बारीक बारीक छिद्रांत. तेलाला पेट्रोलियम म्हणतात ना? ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल. खडकातलं तेल! आणि आपला ‘रॉकेल’ हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. त्यातही ‘रॉक’ लपलेला ऐकू येतो की नाही?

पावसात भिजलेली वीट आठवा. कोरड्या विटेपेक्षा ती केवढी जड लागते! म्हणजे पाणी तिच्यात आहे. पण ती हातात घेऊन कितीही हलवली, तरी पाणी बाहेर येत नाही. तेलाचं अगदी तसंच. मुंबई हायमधला खडक आहे चुनखडीचा. समुद्राचं पाणी पार करून तळ गाठायचा, आणि तळाच्याही खाली एक किलोमीटरहून अधिक खोल जायचं, तेव्हा कुठे तो भेटतो.

तेल तिथे आहे हे कशावरून? विहीर खणताना त्या खडकाचे लांब दंडगोल तुकडे कापून वर आणतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. शंभर भाग दगडात छिद्रं किती, त्या छिद्रांत तेल किती, पाणी किती, हे मोजता येतं. शिवाय विहिरीत उपकरणं सोडून खडकातून वीज कितपत वाहते तेही पाहतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. त्यावरून कुठल्या थरात काय भरलंय ते कळतं. मग खडक किती लांब, किती रुंद, किती जाड, याचा गुणाकार केला की झाला हिशेब. तुमच्या गणितातलं घनफळच की!

सोडावॉटरची बाटली

आता पुढचा प्रश्न. तेल दगडात अडकलेलं, तर मग सुरुवातीला ते येतं तरी कसं?

ते येतं दाबामुळे. वरच्या कित्येक थरांच्या ओझ्याखाली खडकातलं तेल, पाणी आणि वायू दाबून बसलेले असतात. आपण भोक पाडलं, की सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं होतं. फस्स करून तेल वर! सुरुवातीची काही वर्षं मजेत जातात. पण बाटलीतला वायू निघून गेला की काय होतं? सोडा आहे तिथेच, पण फसफस गेली. तेलविहिरीचंही तसंच होतं. दाब उतरतो, तेल मंदावतं.

मग माणसाने पहिली युक्ती काढली. तेल आपण होऊन येत नाही ना? मग मागून ढकला त्याला! काही विहिरींतून तेल काढायचं आणि काही विहिरींतून उलट पाणी आत दामटायचं. पाणी तेलाला रेटत रेटत पुढच्या विहिरीपर्यंत आणतं. मुंबई हायमध्ये समुद्राचंच पाणी गाळून, त्यातली हवा काढून, असं खाली सोडतात. हवा का काढायची? लोखंडी नळ्या गंजू नयेत म्हणून.

पण पाणी असतं लबाड. त्याला जिथे मोकळी वाट दिसेल तिथून ते पळतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत सगळी मुलं मोठ्या फाटकातूनच धावतात आणि कोपऱ्यातल्या चिंचोळ्या दाराकडे कुणी फिरकत नाही, तसं! मोठ्या छिद्रांतून पाणी सुसाट निघून जातं आणि बारीक छिद्रांतलं तेल तिथेच राहतं. काही वर्षांनी विहिरीतून तेल कमी आणि पाणीच जास्त यायला लागतं.

आणि आता कान देऊन ऐका. एवढं सगळं करूनही जगभरात सरासरी शंभर पिंपांतली तीस-पस्तीस पिंपंच वर येतात. बाकीची पासष्ट तिथेच, दगडाच्या मुठीत! मुंबई हायमधून १९८० च्या दशकात एके काळी दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल यायचं. २०२४ मध्ये ते दिवसाला दीड लाखाच्याही खाली आलं होतं. एक पिंप म्हणजे साधारण १५९ लिटर, बरं का.

म्हणजे पत्रातले बाबाही बरोबर आणि वर्तमानपत्रही बरोबर. तेल आहे. पण ते सुटत नाही. ही मूठ उघडायची कशी, त्याच्या एकेक युक्त्या आता बघू या.

पुरणपोळी आणि आडवी विहीर

ताटात पुरणपोळी वाढलेली आहे. तिच्यात वरून सरळ एक नळी खुपसली, तर नळीला पुरण किती लागेल? जेमतेम एक थेंब! कारण पुरणाचा थर पातळ. पण तीच नळी पोळीच्या कडेने आत घालून आडवी सरकवली तर? या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरणच पुरण!

तेलाचे थरही पुष्कळदा असेच पातळ असतात, आणि मैलोन् मैल पसरलेले. म्हणून विहीर आधी खाली न्यायची, मग हळूहळू वाकवायची आणि तेलाच्या थरातून आडवी पुढे न्यायची. तिला आडवी विहीर म्हणतात. मुंबई हायमध्येही उरलेलं तेल गाठायला अशा विहिरी खणल्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, “काका, लोखंडाचा नळ वाकतो कसा?” त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. बोटभर शेवई घेतलीत तर ती कडक लागते. पण हातभर लांब शेवई उचलली तर? आपोआप बाक घेते. दोन-तीन किलोमीटर लांबीचा पोलादी नळ असाच शेवईसारखा वागतो. शंभर-दोनशे मीटरांत त्याला थोडं थोडं वळवत नेलं तर तो मोडत नाही.

आणि वळवायचं कसं? साध्या बोअरवेलमध्ये वरून सगळा नळ फिरवतात. इथे नळाच्या अगदी टोकाला एक छोटी मोटर असते. नळातून दाट चिखल जोराने खाली सोडतात, त्याच्या रेट्याने ती मोटर फिरते आणि पुढचं दातेरी टोक दगड कुरतडतं. मोटरच्या पुढे नळाला किंचित बाक दिलेला असतो. तो बाक ज्या दिशेला करू, तिकडे विहीर वळते. टोकाजवळची उपकरणं ‘मी आता इतक्या खोलीवर आहे, इतकी वळले आहे’ असा निरोप वर पाठवतात. तो तारेने नव्हे हं! नळातल्या चिखलाचा दाब कमी-जास्त करून. पूर्वी तारयंत्रात कट्ट-कडकट्ट वाजायचं ना, तसाच हा चिखलातला तारसंदेश! वर बसलेले इंजिनीअर तो वाचतात आणि अंधारात, दगडात, न दिसणाऱ्या टोकाला बरोबर वाट दाखवतात.

डांबर आणि जमिनीखालची चूल

आता मुंबईहून उत्तरेला, गुजरातमध्ये जाऊ. मेहसाणा जिल्ह्यात बलोल आणि सांथाल नावाची तेलक्षेत्रं आहेत. तिथल्या तेलाचा हट्ट वेगळाच. ते इतकं दाट, की त्याला वाहायचाच कंटाळा! पाणी सोडलं तर पाणी बाजूने निघून जातं आणि तेल जागचं हलत नाही. शंभरातले दहा-पंधरा भाग हाती लागले तरी खूप, अशी स्थिती.

रस्त्याचं काम चाललेलं तुम्ही पाहिलंच असेल. डांबराचं पिंप आडवं ठेवलेलं असतं आणि त्याच्याखाली लाकडं पेटवलेली असतात. का बरं? थंड डांबर दगडासारखं, आणि तापलं की पातळ. मेहसाण्याच्या तज्ज्ञांनी हेच केलं. फक्त चूल पेटवली ती थेट जमिनीच्या पोटात, सुमारे एक किलोमीटर खोल!

विज्ञानाच्या पुस्तकात आगीला लागणाऱ्या तीन गोष्टी वाचल्यात ना? जळण, हवा आणि उष्णता. जळण तर खाली होतंच. मग विहिरीतून उष्णता देऊन तेल पेटवलं आणि मोठमोठ्या कॉम्प्रेसरनी हवा आत दामटायला सुरुवात केली. थोडं तेल जळतं, त्याच्या उष्णतेने पुढचं तेल पातळ होतं आणि जळण्यातून निघालेले वायू आणि वाफ त्याला पुढच्या विहिरीकडे ढकलतात. आग हळूहळू सरकत राहते, पण वरच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला काही पत्तासुद्धा लागत नाही. बलोलमध्ये १९९० साली याचा प्रयोग सुरू झाला आणि १९९७ पासून तिथे आणि सांथालमध्ये तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. थोडं तेल जाळायचं आणि पुष्कळ तेल सोडवायचं, असा हा सौदा.

थंडीतलं खोबरेल

डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं? पांढरी शुभ्र ढेप! मग आई ती गरम पाण्यात नाहीतर उन्हात ठेवते. राजस्थानमध्ये, बाडमेरच्या वाळवंटात २००४ साली ‘मंगला’ नावाचं मोठं तेलक्षेत्र सापडलं. तिथलं तेल अगदी या खोबरेलासारखं. त्यात मेण फार. जमिनीखाली ऊब असते तोवर ते पातळ राहतं, पण वर आणून थंड झालं की गोठलंच!

मग ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचं कसं? त्यासाठी सहाशे किलोमीटरहूनही लांब नळ टाकला आणि तो नळच वाटभर गरम ठेवायची सोय केली. बाहेरून उबदार आवरण आणि त्याखाली विजेने तापवायची व्यवस्था. मुंबईहून नागपूर साधारण आठशे किलोमीटर. त्यातलं तीन चतुर्थांश अंतर गोधडी पांघरलेला नळ, अशी कल्पना करा! २००९ साली तिथलं तेल यायला सुरुवात झाली.

इथे आत सोडायचं पाणीही गरमच लागतं. थंड पाणी सोडलं तर तेल दगडातच गोठून बसेल. आणि ते मघाचं लबाड पाणी आठवतंय ना? त्यालाही इथे वेसण घातली. सुती साडीला खळ करताना पाणी कसं दाटसर होतं, तशी एक खास पावडर पाण्यात मिसळून ते घट्ट करतात. घट्ट पाण्याला वाट फोडून पळता येत नाही. ते सगळ्या छिद्रांतून सावकाश, एका रांगेत पुढे सरकतं आणि वाटेतलं तेल ढकलत नेतं. मंगलामध्ये २०१४-१५ पासून हा उपाय मोठ्या प्रमाणावर चालू झाला.

दगडच फोडला तर?

आतापर्यंतच्या खडकांना निदान छिद्रं तरी होती आणि ती एकमेकांना जोडलेली होती. पण ‘शेल’ नावाचा एक खडक असतो. प्राचीन चिखल दाबला जाऊन तयार झालेला, पाटीसारखा घट्ट. त्यात तेल आणि वायू असतात, पण एका छिद्रातून दुसऱ्यात जायला वाटच नाही. जणू दारं नसलेल्या खोल्यांची चाळ!

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जॉर्ज मिचेल नावाचे एक तेलव्यावसायिक होते. त्यांचे वडील ग्रीसमध्ये शेळ्या राखत आणि पुढे पोटासाठी अमेरिकेला आले. या मिचेलसाहेबांनी १९८१ साली ‘बार्नेट’ नावाच्या शेल खडकातून वायू काढायचा ध्यास घेतला. पाण्याच्या प्रचंड दाबाने खडकाला भेगा पाडायची कल्पना नवी नव्हती, तिचा पहिला प्रयोग अमेरिकेतच १९४७ साली झाला होता. पण शेलपुढे कुणाची मात्रा चालत नव्हती. मिचेल यांच्या माणसांनी महागडी दाट रसायनं वापरून पाहिली, खर्च भरमसाट झाला, लोक हसले. शेवटी १९९८ च्या सुमाराला, खर्च वाचवावा म्हणून त्यांनी जवळजवळ साधंच पाणी आणि वाळू वापरून पाहिली. आणि काय आश्चर्य, तेच जास्त चांगलं चाललं!

वाळू कशाला? दाराच्या फटीत कागदाची घडी घातली की दार पुन्हा घट्ट मिटत नाही, तशी भेगेत वाळू अडकते आणि भेग उघडी राहते. पुढे याला आडव्या विहिरीची जोड मिळाली आणि २०१८ पर्यंत अमेरिका जगातला सर्वांत मोठा तेल-उत्पादक देश होऊन बसली.

पण किंमत?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा! माणसाने सगळी कुलुपं उघडली की! थांबा. गोष्ट अजून संपलेली नाही. प्रत्येक कुलपाची किंमत मोजावी लागते.

पहिली किंमत पाण्याची. शेलमधल्या एका विहिरीला भेगा पाडायला साधारण एक ते दोन कोटी लिटर पाणी लागतं. एक कोटी म्हणजे किती? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं होतं, आठवतंय का? तुम्हाला आठवत नसेल, पण आईबाबांना विचारा. त्या पन्नास वाघिणींच्या गाडीत एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी मावायचं. म्हणजे एका विहिरीसाठी तशा चार ते आठ गाड्या पाणी! जिथे हंड्यांच्या रांगा लागतात, तिथे हा सौदा परवडेल का?

दुसरी किंमत जमिनीची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तेलाबरोबर वर आलेलं खारट, खराब पाणी पुन्हा खोल खडकात सोडत होते. त्यामुळे जमिनीतल्या जुन्या भेगा सरकल्या आणि जिथे मोठे भूकंप क्वचितच व्हायचे तिथे ते वरचेवर व्हायला लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. मग सरकारला अशा कित्येक विहिरी बंद करायला लावाव्या लागल्या.

आणि तिसरी किंमत माणसांची. २७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई पावसाने बुडाली होती. त्या दिवशी मुंबई हायमधल्या एका मोठ्या प्लॅटफॉर्मजवळ, एका जखमी माणसाला उतरवण्यासाठी एक जहाज आलं. समुद्र खवळलेला होता. जहाज प्लॅटफॉर्मच्या नळांवर आदळलं, वायू बाहेर पडला आणि पेटला. दोनेक तासांत तो अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. साडेतीनशेहून अधिक लोकांना वाचवण्यात यश आलं, पण २२ जण परत आले नाहीत. कुणाचे बाबा, कुणाचा दादा. आपल्या घरची शेगडी पेटते, शाळेची बस चालते, तेव्हा त्यामागे घरापासून दूर, समुद्रात राहून काम करणारी अशी माणसं असतात, हे विसरू नका हं.

चौथी किंमत सगळ्यांची. तेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, दगडाने धरून ठेवलेलं तेल दगडातच राहू द्या. दुसरे म्हणतात, आपला देश लागणाऱ्या दर शंभर लिटर कच्च्या तेलातलं ८५ लिटरहून अधिक बाहेरून विकत आणतो, मग आपलंच तेल खाली का ठेवायचं? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

मैत्रिणीला उत्तर

तर पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, तुझं उत्तर असं. मुंबई हायचं तेल संपलेलं नाही. सोपं तेल संपत आलंय. उरलंय ते हट्टी तेल. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीची तांत्रिक मदतीसाठी निवड झाली, ती हे हट्टी तेल सोडवण्यासाठीच. आणि ‘सागर सम्राट’? नोटेवरचा तो पठ्ठ्या अजून निवृत्त झालेला नाही. विहिरी खणायचं काम सोडून तो आता तेल-वायू काढणारा प्लॅटफॉर्म झालाय. २०२२ च्या अखेरीस त्याने ही नवी नोकरी धरली!

सोपं तेल आपल्या आजोबांच्या आणि बाबांच्या पिढीने वापरलं. तुमच्या वाट्याला हट्टी तेल आलंय. ते किती काढायचं, काय किंमत देऊन काढायचं आणि किती तिथेच ठेवायचं, हे तुम्ही मोठे झाल्यावर तुम्हालाच ठरवावं लागणार आहे. त्यासाठी इंजिनीअर लागतील, पाण्याचा हिशेब मांडणारे लागतील आणि प्रश्न विचारणारेही लागतील. आठवीतल्या या मैत्रिणीने सुरुवात तर केलीच आहे.

करून पाहा

विटेचे तीन सारखे, कोरडे तुकडे घ्या. प्रत्येकावर एक एक चमचा शेंगदाण्याचं तेल हळूहळू सोडा. बघता बघता ते आत गडप होईल. रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी तीन वाडग्यांत एकेक तुकडा ठेवा. पहिल्यात थंड पाणी घाला, दुसऱ्यात गरम पाणी आणि तिसऱ्यात साबण विरघळवलेलं गरम पाणी. (गरम पाणी मोठ्या माणसांनीच ओतायचं, तुम्ही नाही!) अर्ध्या तासाने पाहा. कुठल्या पाण्यावर तेलाचे जास्त थेंब तरंगतात? साबणाचं पाणी गढूळ झालं का? तेलविहिरींतही साबणासारखी रसायनं सोडून तेल सुटतं का, हे पाहतात बरं का.

मग तुकडे बाहेर काढून वाळवा आणि बाबांकडून हातोडीने फोडून घ्या. आत तेलकट डाग अजून दिसतो का? वास येतो का? येतो ना? मग समजलं तर, दगडाची मूठ किती घट्ट असते ते!

तुमच्या प्रयोगात काय दिसलं ते पोस्टकार्डावर लिहून नक्की कळवा. आणि घरात सगळे जेवायला बसले की हा प्रश्न मध्ये टाका : उरलेलं तेल काढावं, की राहू द्यावं? आजी काय म्हणाली, बाबा काय म्हणाले आणि तुम्हाला काय वाटतं, तेही लिहा. वाट पाहतोय.

पुढच्या अंकात भेटूच.

तुमचा,
विज्ञानकाका